धानावरचे कापडी जोडे

माझ्या तळपायांना अक्कल होती. डोक्याला तेवढी कधीच नव्हती, पण तीस वर्षं तिची फारशी गरज पडली नाही. वडशापासून थोडं आत एका राइस मिलमध्ये मी धानाची पारख करतो. उकडलेलं धान सिमेंटच्या पटांगणात वाळत घातलं की मिलमधल्या बाया त्यातून पाय ओढत ओढत चालतात, खालचं वर, वरचं खाली. त्यांच्या मागून मी चालायचो आणि सांगायचो, "इथलं झालं, उचला. त्या कोपऱ्यातलं दोन तास राहू द्या." दाण्याच्या पोटात ओल राहिली असेल तर तो तळपायाला वेगळा लागतो. कसा, ते मला सांगता येत नाही. मालकांनी ओल मोजायचं मशीन आणलं होतं. मशीनचा आकडा आणि माझा पाय एकमेकांशी जुळले नाहीत की मालक मशीनलाच ठोकून बघायचे, एवढा माझ्या पायांचा दरारा.

हे सगळं अनवाणी. धान म्हणजे लक्ष्मी. खळ्यात असो की मिलच्या पटांगणात, जोडे घालून तिच्यावर आमच्याकडे कोणी चढत नाही. पटांगणाच्या कडेला चपलांची रांग लागते, देवळाबाहेर लागते तशी. फक्त चोरीची भीती नाही, कारण सगळ्याच सारख्या झिजलेल्या.

आठ वर्षांपूर्वी मला शुगर निघाली. मोठ्या गावातल्या एका डॉक्टरांकडे जाऊन बसलो. बाहेर बाकडी भरलेली, लोक भिंतीला टेकून उभे. माझा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी कागद बघितला, माझ्याकडे बघायचं राहून गेलं, आणि लिहिता लिहिता म्हणाले, "भात बंद."

आता वडशाच्या माणसाला भात बंद म्हणजे काय सांगावं! सकाळी रात्रीचा उरलेला भात फोडणी देऊन, दुपारी भात, सांजेला भात. आमच्याकडे पाहुण्याला 'जेवलात काय' विचारतात त्याचा अर्थ भात खाल्ला काय. पोळ्यांवर राहणारा माणूस आम्हाला दुखणाईत वाटतो. पण मी म्हणालो, "हो साहेब." बाहेर बायको वाट बघत होती.

"काय म्हणाले जी डाक्टर?"

"काई नाई. गोड जरा कमी खा म्हणाले."

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी भात खाल्ला. तिने निश्चिंत मनाने, मी जरा घाईघाईने.

तेव्हापासून माझं तंत्र बसलं. तपासणीच्या आधीचे दोन दिवस मी संन्यासी व्हायचो. भाकर, कारल्याची भाजी, पहाटे फिरणं. तिसऱ्या दिवशी रक्त द्यायचं. डॉक्टर आकडा बघून गोळ्या त्याच ठेवायचे आणि म्हणायचे, "व्हेरी गुड." मी मान खाली घालून हसायचो, जणू हे माझं रोजचंच. परत येताना स्टँडवर आलूबोंडे खायचो, दोन दिवसांच्या तपश्चर्येचं फळ म्हणून.

तरुणपणी मी झाडीपट्टीच्या नाटकात एकदाच काम केलं होतं. हवालदार होतो. एकच वाक्य होतं, "साहेब, आरोपी पळाला." आरोपीची एंट्री व्हायच्या आधीच ते म्हणून मी मोकळा झालो. पुढे कुणी मला स्टेजवर घेतलं नाही. पण डॉक्टरांच्या खोलीत सलग कितीतरी वर्षं मी हिरो होतो, आणि दर खेळाला टाळी मिळत होती. त्यांनी विचारलं नाही हे खरं. मी सांगितलं नाही हे त्याहून खरं.

पायांत मोजे घातल्यासारखं वाटायला लागलं ते दोनेक वर्षांपूर्वी. मोजे तर मी लग्नातही घातले नव्हते. धान पायाखाली यायचं, पण कुणीतरी सतरंजी अंथरून त्यावर टाकल्यासारखं. वय झालं, थंडी आहे, सिमेंट जुनं झालं, काहीही कारण मी काढलं. मागच्या हंगामात मी एक ढीग वाळला म्हणून उचलायला सांगितला. मशीन म्हणत होतं ओला आहे. मालकांनी नेहमीप्रमाणे मशीन ठोकलं. आठ-दहा दिवसांनी त्या धानाच्या पोत्यांच्या थप्पीतून आंबट वास यायला लागला, हात घातला तर आतलं धान गरम. मालक मशीनला शिव्या देत होते. मी शेजारी उभा राहून "या मशिनींचं काई खरं नाई" असं म्हणालो. आयुष्यात अनेक चुका केल्या, पण त्या मशीनची माफी मागावी असं मला आजही वाटतं.

आणि मग ती दुपार. जेवून उठलो, घरभर फिरलो, पाणी प्यायलो, मोबाईल शोधला. साळा आला होता, दारात बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. मी बघतो तर फरशीवर लाल ठिपके. ओट्यापासून माठापर्यंत, माठापासून कपाटापर्यंत.

"काय बे, खर्रा खाऊन घरात थुंकते काय?" मी साळ्यावर ओरडलो.

"म्या अजून तोंडातही नाई टाकला भाऊजी. हा पहा, हातातच आहे."

"मंग हे काय माह्या बापानं थुंकलं?"

मी त्याला ठिपके दाखवत दाखवत कपाटापासून माठाकडे निघालो. बायको पदराला हात पुसत बाहेर आली आणि थांबली. "अवो, जरा उभे राहा. तुमच्याच मांगं मांगं येऊन राह्यले हे ठिपके."

साळ्याने माझा पाय उचलून धरला. उजव्या पायाच्या अंगठ्याखाली, मांसात, दाभणाचं तुटलेलं टोक होतं. पोती शिवायचं दाभण. सकाळी मिलमध्ये कधीतरी रुतलं असेल. म्हणजे ते घेऊन मी पटांगणात चाललो, सायकल चालवली, जेवलो, आणि साळ्याशी भांडलो.

बायकोने चिमट्याने ते ओढून काढलं. मी वर पंख्याकडे बघत होतो. "काढून राह्यली का नाई?"

"निघालं," ती म्हणाली. मग हळूच, "दुखलं नाई?"

"काईच नाई," मी छाती पुढे करून म्हणालो. मग तिचा चेहरा बघितला आणि छाती परत जागेवर आणली.

शहाणा माणूस त्याच दुपारी डॉक्टरकडे गेला असता. मी हळद भरली आणि चार दिवस बसून राहिलो. मोठ्या गावच्या डॉक्टरांकडे कोणत्या तोंडाने जायचं? मी त्यांचा व्हेरी गुड पेशंट. व्हेरी गुड पेशंटच्या पायात दाभण रुतून त्याला कळत नाही, हे त्या नाटकात बसत नव्हतं. पाचव्या दिवशी जखमेची कड काळी झाली आणि वास आला. त्या थप्पीसारखाच आंबट. बायकोने पदर खोचला. साळ्याची मोटारसायकल काढायला लावली आणि मला जवळच्याच छोट्या सरकारी दवाखान्यात नेऊन बसवलं. तिथे नव्या डॉक्टरीण बाई आल्या होत्या, साताऱ्याकडच्या. मी मनातून खूश झालो. अनोळखी डॉक्टर म्हणजे नाटक पहिल्या अंकापासून सुरू करता येतं.

बाई पोरसवदा होत्या. त्यांनी बसायचा लाकडी पाट ओढला, माझ्यासमोर खाली बसल्या, मांडीवर एक हिरवं कापड टाकलं आणि माझा पाय त्यावर ठेवला. मी झटकन ओढून घेतला.

"म्याडम, पाय... धुतलेला नाई."

"पाय बघायलाच बसलेय ना काका. द्या इकडे."

जखम बघून झाल्यावर त्यांनी डावा, चांगला पायही मागितला. "आता डोळे मिटा. मी या नायलॉनच्या दोऱ्याने तळव्याला स्पर्श करीन. लागला की 'हो' म्हणा. एवढंच."

मी डोळे मिटले. काही लागेना. पण परीक्षेत कोरा पेपर द्यायचा माझा स्वभाव नाही. थोडा वेळ गेला, मी म्हणालो, "हो." अजून थोडं थांबून, "हो." मग जरा वेगळेपणा यावा म्हणून, "हां, इथी जरा जास्त."

बायकोला ठसका लागला. मी डोळे उघडले. दोरा त्यांच्या हातात होता, पेनासारख्या दांडीवर, टोपणासकट.

"काका, मी अजून उघडलाच नाही," बाई म्हणाल्या.

आता रागावतील, कागद फेकतील, असं वाटून मी चप्पल शोधायला लागलो. पण त्यांनी दोरा खिशात ठेवला. "ही तपासणी राहू द्या. दोन्ही पायांना फारसं कळत नाहीये हे मला तसंही समजलं. जखम महत्त्वाची. ही परीक्षा तुम्ही म्हणाल तेव्हा घेऊ." मग विचारलं, "काम काय करता?"

कामाचं विचारलं की मला थांबवणं अवघड. मी सगळं सांगितलं. धान कसं येतं, लोक कसे बनेल असतात. पोत्याच्या तोंडाशी चांगलं सोनेरी धान, आणि मधे ओलं, पोचट, कोंडा. "पण म्याडम, मी पोत्याच्या तोंडाकडे पाहातच नाई. आपल्याजवळ परखी असते, अशी लोखंडी, पोकळ, टोकदार. पोत्याच्या पोटात खुपसायची आणि आतलं धान बाहेर ओढायचं. मले फसवणं सोपं नाई. तपासायच्या दिवशी वरून दोन ओंजळी चांगलं टाकून आणणारे मी तीस वर्षांत लई..."

तिथे माझं वाक्य अडलं. दोन ओंजळी. दोन दिवस. कारल्याची भाजी.

बाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. पाय अजून त्यांच्या मांडीवर होता. बाहेर कुणाचं तरी लेकरू रडत होतं, ते रडून थांबलं, तरी त्या काही बोलल्या नाहीत. आठ वर्षांत कुठल्याही डॉक्टरने माझ्यासमोर एवढा वेळ गप्प बसायची चैन केली नव्हती.

"मी बी तसंच पोतं घेऊन येत होतो म्याडम," मी शेवटी म्हणालो, आणि भातापासून आलूबोंड्यापर्यंत सगळं ओकून टाकलं. बायको ऐकत होती. 'गोड जरा कमी खा' हे डॉक्टरांचं वाक्य नव्हतं हे तिला तेव्हा कळलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की दाभण बरं वाटावं.

"अशी परखी आमच्याकडेही असते," बाई म्हणाल्या. "एक रक्ताची तपासणी आहे, मागच्या तीन महिन्यांचं सांगते. आज करू. पण ती तुम्हाला पकडायला नाही. औषध किती द्यायचं ते मला कळावं म्हणून. तुम्ही दाखवत होतात त्या आकड्यावर औषध ठरत होतं. ते तुमच्या भाताला पुरणार कसं?"

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटायचं मी डॉक्टरांना फसवतो. मी गोळ्यांना फसवत होतो.

मग मी विचारलं. "अंगठा जाईन काय?"

"आज मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पायाचा एक्स-रे फोटो काढून आणा. जखम हाडापर्यंत गेली असेल तर चंद्रपूरला पाठवीन, आणि तिथे अंगठा काढावा लागू शकतो. फोटोत आज दिसलं नाही तरी पंधरा-वीस दिवसांनी परत काढायचा, कारण हाडाचं उशिरा दिसतं. तोवर रोज ड्रेसिंग, आणि काही दिवस इन्सुलिन. मला जे दिसेल ते मी रोज तुम्हाला सांगेन. चांगलं आणि वाईट, दोन्ही."

मला वाटलं होतं अशा उत्तराने माणसाला रडू येईल. उलट मला आठ वर्षांत पहिल्यांदा नीट भूक लागली. अर्थात भाताची.

पहिल्या फोटोत हाड स्वच्छ दिसलं. पण तो त्या दिवसापुरताच, पुढचं पुढे, हे आता मला माहीत होतं. रोज सकाळी मी बाकड्यावर हजर. भाताचा विषय तिसऱ्या दिवशी निघाला. "किती खाता?" "दोन वाट्या." "वाटी घेऊन या उद्या." मी घेऊन गेलो. बाईंनी ती वाटी चिमटीत धरून उजेडात बघितली. तिला तळाशी गंध लागलं होतं. देवघरातली, नैवेद्याची वाटी होती ती.

पाचव्या दिवशी बायको माझ्याबरोबर आली आणि पिशवीतून माझी खरी वाटी काढून टेबलावर ठेवली. तिला आमच्या घरात गंज म्हणतात, आणि दुसऱ्या घरी तिच्यात सगळ्यांचं वरण शिजेल. बाई हसल्या, इतक्या की सिस्टर डोकावली. मग दोघी बायकांनी माझ्या देखत, मला न विचारता, करार केला. आधी भाजी आणि वरण, मग भात, आणि भात त्या देवघरातल्या वाटीने, दिवसभरात मिळून चार वेळा भरून. "बंद नाई म्हणत ना म्याडम?" बायकोने खात्री केली. "बंद म्हटलं तर काका परत दोन दिवसांचे साधू होतील," बाई म्हणाल्या. देवाच्या वाटीने जेवायचं म्हणजे मलाही खोटं बोलता येईना. रोज बाकड्यावर बसलो की आपण होऊन सांगायला लागलो. काल पाच वेळा भरली. परवा मोहफुलांचा लाडू, एक. बरं, दोन.

दहाव्या दिवशी बाई म्हणाल्या, जखम छान भरतेय. बाराव्या दिवशी त्यांनी पाय मांडीवर घेतला, दाबला, आणि त्यांचा चेहरा उतरला. "काका, परवा मी भरतेय म्हणाले ते चुकलं माझं. वरून कातडी धरत होती, आत पू राहिला होता. मी वरवर बघितलं. आता उघडावी लागेल."

पोतं वरून पाहून बाईही फसल्या होत्या तर!

घरी परतताना बायको बिथरली होती. "चुकलं म्हणते! अशी डाक्टर असते काय? चाला आपण चंद्रपूरले. नाईतर नागपूरले."

मोटारसायकलवर मागे बसून, बांधलेला पाय हवेत धरून, मी विचार करत होतो. माझ्या तीस वर्षांत आपण होऊन "माझ्या मालात खालची पाच पोती ओली आहेत भाऊ, पाहून घ्या" असं सांगणारे शेतकरी मोजून तीन-चार भेटले. त्यांच्या पोत्यांना मी पुन्हा कधी परखी लावली नाही. मी बायकोला म्हटलं, "इथीच जाऊ."

"काऊन?"

"ओली पोती सांगते ती."

तिने पदर डोक्यावरून घट्ट ओढला. मग म्हणाली, "मंग तुमाले काय होत होतं आठ वर्षं सांगाले?" मी बांधलेला पाय जरा अजून वर धरला. साळा पुढे हसत होता, त्याचे खांदे हलताना दिसत होते.

दुसरा फोटो काढला तेव्हा तो हातात धरून मी दवाखान्यापर्यंत आलो, पाकीट न उघडता. तसं उघडूनही मला त्यातलं काय कळणार होतं? बाईंनी तो खिडकीच्या काचेला लावला. आधीचा शेजारी लावला. एकदा या, एकदा त्या फोटोला डोळे लावले. मी बायकोचा हात धरला होता हे मला नंतर कळलं, तिने सोडवला तेव्हा.

"हाड चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "अंगठा तुमचाच आहे. जखम भरायला अजून महिना लागेल, आणि परत असं झालं तर मी हेच सांगू शकेन याची खात्री नाही. म्हणून आता एकच. अनवाणी चालायचं नाही. घरात, अंगणात, मिलमध्ये, कुठेच नाही."

"हो म्याडम," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे 'हो' कुठलं? टोपणातल्या दोऱ्याचं?"

पकडला गेलो. मग सांगितलं. धान, लक्ष्मी, चपलांची रांग. जोडे घालून धानावर पाय ठेवला तर मिलमधल्या बाया माझ्याकडे बघणार नाहीत, आणि मीच स्वतःकडे बघणार नाही. बाईंनी ऐकून घेतलं. "आमच्याकडे ऊस. उसावर कोणी चालत नाही," त्या म्हणाल्या. "मला हे माहीत नव्हतं काका, आणि यावर मला उपाय सुचत नाही. पाय झाकलेला हवा, तळ जाड हवा, एवढं मी सांगू शकते. त्यात काय चालेल, ते तुम्हीच मला सांगा."

डॉक्टरने मला काम देऊन घरी पाठवलं होतं.

मी मिलमध्ये गेलो आणि पटांगणाच्या कडेला बसून, जेवणाच्या सुट्टीत, बायांना पाय दाखवला. दाभण, वास, फोटो, सगळं सांगितलं. डबे उघडे राहिले. त्यांतली सगळ्यात जुनी बाई, माझ्याही आधीपासून धानात पाय ओढणारी, पुढे झाली आणि जखम निरखून बघितली.

"भाऊ, माह्या अंगणात धान वाळते तं कोंबड्या त्याच्यावरून फिरतेत. लक्ष्मी काई उठून गेली नाई अजून," ती म्हणाली. "पण चामड्याचा नको. अन् रस्त्यावरचा नको."

"कापडी चालन काय?"

"नवा. रस्ता न पाहिलेला. इथीच ठेवायचा, इथीच धुवायचा." ती बाकीच्यांकडे वळली. "काय वं?"

"पाय गेला तं भाऊ खुर्चीवर बसून हुकूम सोडन. त्याच्यापेक्षा जोडा बरा," दुसरी म्हणाली, आणि ठराव हशात मंजूर झाला.

वडशाच्या दुकानात मी जाड तळाचे कापडी जोडे मागितले आणि तळ खरंच जाड आहे का हे बघायला खिशातलं दाभण काढून त्यात खुपसलं. ते आरपार गेलं. दुकानदाराचा चेहरा सांगण्यासारखा नव्हता. ती जोडी मला घ्यावीच लागली, आता साळा वापरतो, पावसात पाणी येतं म्हणून कुरकुरतो. दुसरी जोडी मात्र दाभणाला पुरून उरली. डॉक्टरीण बाईंनी आत हात घालून शिवण कुठे टोचते का ते चाचपलं आणि रोज घालण्याआधी मीही तसंच चाचपायचं असं सांगितलं. मिलमध्ये म्हाताऱ्या बाईने जोड्यांना हळदकुंकू लावलं. आता ते पटांगणाच्या कडेला पत्र्याच्या डब्यात असतात, आणि त्यांच्यावर अजून दोन पिवळे ठिपके आहेत.

हळदकुंकू लागलं त्याच दिवशी मी मालकांकडे गेलो. "माझे पाय आता सांगत नाहीत," मी म्हणालो. "मागच्या हंगामातली ती थप्पी माझ्यामुळे गेली."

मालकांनी टेबलावरच्या मशीनकडे बघितलं. "म्हणजे हे बरोबर सांगत होतं?"

"हो."

"अन् मी ठोकून राह्यलो होतो त्याले." त्यांनी ते मशीन शर्टाच्या बाहीने पुसलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "दाताखाली तं कळते ना तुले?"

"दात आहेत अजून."

"मंग दातानं सांग. अन् मशीनलेही विचारत जा."

आता मी तसंच करतो. कापडी जोडे घालून धानावर चालतो, मूठ भरतो, दाणा दाताखाली धरतो. कटकन तुटला तर वाळला, दबला तर ओला. मग मशीन लावतो. बहुतेक वेळा आमचं जुळतं. नाही जुळलं तर मी दुसरा दाणा चावतो. मशीनला कोणी ठोकत नाही.

मागच्या आठवड्यात तीन महिन्यांची तपासणी झाली. तपासणीच्या दोन दिवस आधी मी देवाची वाटी चार वेळा भरून भात खाल्ला, आदल्या दिवशी साळीच्या घरी बारसं होतं म्हणून सहा वेळा. बाईंनी आकडा बघितला.

"मागच्यापेक्षा बराच कमी. पण अजून जास्त आहे."

व्हेरी गुड नव्हतं ते. मला आठ वर्षांतल्या सगळ्या व्हेरी गुडपेक्षा ते बरं वाटलं, कारण ते माझं होतं. मी उठलो नाही. बायकोने खुणावलं, चाला, लोक वाट पाहून राह्यले. मी म्हणालो, "म्याडम, ती दोऱ्याची परीक्षा राहिली आहे."

बाईंनी पाट ओढला. हिरवं कापड, मांडी, पाय. दोऱ्याचं टोपण काढल्याचा आवाज मी कान देऊन ऐकला.

"डोळे मिटा."

मिटले. या वेळी बघायचा मोह झाला नाही असं म्हणणार नाही. पण मिटलेलेच ठेवले. काहीच कळत नव्हतं, आणि मी काहीच म्हणालो नाही. कोरा पेपर. बऱ्याच वेळाने बाई म्हणाल्या, "अंगठा, आणि त्याच्या खालची सगळी जागा. चार ठिकाणी लावलं."

"नाई लागलं."

"ठीक आहे. ते कदाचित परत येणार नाही. आता पुढे बघू."

पुन्हा काही कळेना. माझ्या हिशेबाने दोऱ्याने अर्धा तळपाय पार केला असेल. मी नापास होतोय हे मला कळत होतं आणि विचित्र म्हणजे भीती वाटत नव्हती. तेवढ्यात टाचेच्या बाहेरच्या कडेला, अगदी टोकाला, काहीतरी आलं. मुंगी चालावी तेवढं. वाळलेल्या धानाचं कुसळ लागावं तेवढं.

मी लगेच बोललो नाही. खात्री करायला थांबलो. ते परत आलं.

"टाच," मी म्हणालो. "बाहेरच्या अंगाला. आता लावलं काय म्याडम, का टोपण आहे अजून?"

"लावलं," बाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा लावलं होतं."

मी डोळे उघडले तेव्हा त्या पेनने माझ्या टाचेच्या कडेवर एक छोटा गोल काढत होत्या. "एवढं आहे तुमच्याकडे. हे आपण सांभाळू."

बायको वाकून तो गोल बघत होती. "दुसराही पाय द्या म्याडमले," ती म्हणाली. मी डावा पाय उचलून मांडीवरच्या कापडावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.